बिडाचा सुटा भाग ओतण्याआधी लाकडाचा पॅटर्न कसा घडतो

यंत्र बंद पडतं ते बहुधा एकाच भागापायी. मालेगावात मागाचा ब्रॅकेट तडकतो, गुऱ्हाळावर चरकाचं बेअरिंगचं घर फुटतं, सातपूरच्या एखाद्या छोट्या शॉपमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या ड्रिलिंग मशिनचा टेबल धरणारा हात मोडतो. बाकीचं यंत्र ठणठणीत असतं. पण बनवणारी कंपनी बंद झालेली असते किंवा तिने ते मॉडेल कधीच सोडून दिलेलं असतं. सुटा भाग कुठेच मिळत नाही आणि काही महिने कोपऱ्यात धूळ खाऊन ते यंत्र वजनावर भंगारात जातं. पाच-दहा किलोच्या भागासाठी शेकडो किलोचं चांगलं यंत्र असं जाताना बघवत नाही. त्यातून नाशिकसारख्या ठिकाणी तर नाहीच, कारण अंबड, सातपूर, सिन्नर या पट्ट्यात ओतणारे, लेथवर चढवणारे आणि लाकूड जाणणारे असे सगळे हात एका दिवसाच्या फेरीत सापडतात.

अडतं ते मधल्या एका पायरीवर. फाउंड्रीवाला म्हणतो, "पॅटर्न आणा, ओतून देतो." पण पॅटर्न म्हणजे नेमकं काय, जुना भागच नेऊन दिला तर का चालत नाही, सुताराला काय सांगायचं, हे गिरणीवाल्याला किंवा बागायतदाराला कुणी समजावलेलं नसतं. ते इथे सविस्तर मांडतो.

आधी वेल्डिंगचं बोलू, कारण पहिला विचार त्याचाच येतो. जुन्या यंत्रांचे बहुतेक जाड भाग बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे असतात. बिडात कार्बन तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसतं, कंप जिरवतं, पण ताण आला की तडकतं. वेल्डिंगच्या ठिकाणी ते अचानक तापून अचानक थंड झालं, की शिवणीलगत काचेसारखा कडक आणि ठिसूळ थर तयार होतो. भाग आधी नीट तापवून, निकेलचा रॉड वापरून, सावकाश थंड होऊ देऊन जोड धरतोही. पण बेअरिंगचं घर, ज्यावर पट्ट्याची ओढ दिवसभर येते, तिथे तो जोड किती दिवस टिकेल याची खात्री कुणी देत नाही. तिथे नवा भाग ओतणंच शहाणपणाचं.

ओतकामाची मूळ कल्पना सोपी आहे. हव्या त्या आकाराचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, पेटीत ठेवून त्याभोवती ओलसर वाळू ठासून भरायची. वाळूत बेंटोनाइटची माती मिसळलेली असते, त्यामुळे ती ठासल्यावर आकार धरून राहते. मग पॅटर्न हलकेच काढून घ्यायचा. वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं बीड, साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला, ओतायचं. थंड झालं की वाळू फोडून कास्टिंग बाहेर काढायचं. वाळूचा साचा एका ओतण्यात संपतो, पॅटर्न मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतो.

या वर्णनावरून वाटेल, की पॅटर्न म्हणजे त्या भागाची लाकडी नक्कल. तसं वाटणं साहजिक आहे, आणि बहुतेक पैसे तिथेच वाया जातात. पॅटर्न मूळ भागापेक्षा मोठा असतो, काही ठिकाणी जाड असतो, त्याच्या बाजू किंचित तिरक्या असतात आणि जिथे भोक हवं तिथे त्याच्यावर उलट बाहेर आलेला ठोकळा असतो. यातल्या प्रत्येक फरकाला कारण आहे. ही कारणं समजली, की पॅटर्नवाल्याशी बोलताना आपण त्याच्या बाजूला उभे राहून बोलतो.

समजा, सिन्नर तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरणी आहे आणि तिच्या शाफ्टचा बेअरिंग-ब्रॅकेट फुटला आहे. खाली बोल्टने बसणारा पाया, वर बेअरिंग बसणारं गोल घर आणि दोघांना जोडणारी उभी पट्टी, असा त्याचा आकार. हाच ब्रॅकेट शेवटपर्यंत सोबत घेऊ.

तुकड्यांवरून मापं

फुटलेले तुकडे एकही न टाकता जपायचे. ते जुळवून, दोरीने किंवा क्लॅम्पने आवळून भाग पुन्हा उभा करायचा आणि मग मापं घ्यायची. पण जुना भाग खोटं सांगतो. घासलेली जागा मूळ मापाची राहिलेली नसते. बेअरिंगचं घर घासून मोठं झालेलं असेल, तर तिथलं व्हर्नियरचं माप नव्या भागात नेलं की नवं बेअरिंगही सैलच बसेल.

त्यावर सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे बेअरिंगवरचा नंबर. त्यावर ६३०८ लिहिलं असेल तर आतलं भोक ४० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ९० आणि रुंदी २३, हे जगभर ठरलेलं आहे, कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी. म्हणजे घराचं तयार माप ९० मिमी. तसंच पट्ट्याचं. बी सेक्शनचा व्ही-बेल्ट असेल तर त्याची वरची रुंदी १७ आणि उंची ११ मिमी धरलेली असते, त्यावरून झिजलेल्या पुलीची मूळ खाच काढता येते. शाफ्टच्या मध्यापासून पायाच्या तळापर्यंतची उंची दुसऱ्या बाजूच्या शाबूत ब्रॅकेटवर मोजावी, कारण दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच शाफ्ट सपाट बसतो. विलायती जुनं यंत्र असेल आणि मापं ५०.८ किंवा ७६.२ अशी विचित्र येऊ लागली, तर तो इंचाचा हिशेब आहे, दोन आणि तीन इंच. तसं ओळखलं की बाकीची संशयाची मापंही जवळच्या इंचाच्या भागावर नेऊन बसवता येतात.

आणि भाग का फुटला हेही याच वेळी बघायचं. तडा आतल्या कोपऱ्यातून सुरू झालेला असेल तर तो कोपरा बहुधा फार तीक्ष्ण होता. नवा भाग ओततोच आहोत, तर मूळ दोष जसाच्या तसा उतरवण्यात अर्थ नाही. तिथे गोलाई द्यायची.

धातू कुठला तेही ठरवायला हवं. तुकड्यावर ड्रिल मारून बघा. साध्या बिडाचा कीस भुरभुरीत, काळपट पडतो आणि बोटं काळी करतो. पोलादाचा कीस लांब, गुंडाळत निघतो. एसजी आयर्न दिसायला बिडासारखंच, पण त्यातला ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतो आणि ते बरंच चिवट असतं. हातोडीने टोला दिला तर साधं बीड बद्द वाजतं आणि एसजी घणघणतं. फाउंड्रीत बिडाची प्रत एफजी २००, एफजी २६० अशी सांगतात. तो आकडा म्हणजे ते बीड तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसेल ते. गिरणीच्या ब्रॅकेटला एफजी २०० किंवा २२० पुरेसं आहे.

साचा कुठून उघडायचा

लाकडाला करवत लावण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि तो चुकला तर बाकी सगळं बिनचूक असूनही पॅटर्न निकामी ठरतो. पॅटर्न वाळूत गाडला जातो, मग तो वाळू न मोडता बाहेर यायला हवा. म्हणून साचा दोन पेट्यांचा असतो, वरची आणि खालची. त्या जिथे एकमेकींवर बसतात ती विभाजनाची रेघ. रेघेपासून वर जाताना आणि खाली जाताना पॅटर्न अरुंदच होत गेला पाहिजे. मध्येच कुठे फुगवटा आला तर तो फुगवटा वर येताना वाळू उचकटून आणणार.

आपला ब्रॅकेट यंत्रात बसतो तसा उभा, पाया खाली ठेवून साच्यात घातला तर घराच्या गोलाच्या खालची खोबण आणि पायाचा पसारा यांच्यामध्ये वाळू अडकते. तो आडवा पाडला, म्हणजे शाफ्टची दिशा उभी केली, तर गोष्ट सुटते. आता वरून बघितलं की ब्रॅकेटचा समोरचा आकार दिसतो. मधोमध रेघ घेतली की पाया ८० मिमी रुंद असेल तर त्यातले ४० खालच्या पेटीत आणि ४० वरच्या. गोल घराचंही तसंच. उभी पट्टी पातळ असल्याने ती रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी. अडकणारं काहीच उरत नाही.

म्हणून हा पॅटर्न दोन सारख्या अर्ध्या भागांत करतात. अर्धे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून डॉवेलच्या दोन खुंट्या ठेवतात, आणि त्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर मुद्दाम ठेवत नाहीत. मोल्डरने, म्हणजे वाळूचा साचा भरणाऱ्याने, घाईत वरचा अर्धा भाग फिरवून बसवायचा प्रयत्न केला तर तो बसतच नाही.

या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. ओतताना गाळ, वाळूचे कण आणि वायूचे बुडबुडे वर तरंगतात, म्हणून कास्टिंगचा वरचा पृष्ठभाग सगळ्यात खराब निघतो. पायाचा तळ, जो मशिनवर सपाट करायचा आहे, तो आता साच्यात बाजूला आला, वर राहिला नाही. महत्त्वाचा पृष्ठभाग खाली किंवा बाजूला, हा नियम जुने मोल्डर पाठ म्हणून दाखवतात.

आटणं, माल आणि उतार

धातू थंड होताना आटतो. साधं बीड मीटरमागे सुमारे १० मिमी आटतं, म्हणजे एक टक्का. ॲल्युमिनियम १३ मिमीच्या आसपास, पितळ १५ ते १६, पोलाद जवळपास २०. त्यामुळे जुना भाग जसाच्या तसा पॅटर्न म्हणून वापरला तर नवा भाग एक टक्क्याने लहान येतो. २२० मिमीचा पाया २१८ चा निघतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. हाताच्या मुठीएवढ्या खडबडीत भागाला हे चालून जातं. मोल्डर पॅटर्न काढण्याआधी त्याला टिचक्या मारून सैल करतो, त्यात पोकळी किंचित मोठी होते आणि लहान भागात आटण्याची भरपाई तिथेच होऊन जाते. मोठ्या भागात ती होत नाही.

पॅटर्न करणाऱ्याकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिच्यावर जिथे १००० लिहिलेलं असतं तिथे खरं अंतर १०१० मिमी असतं. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. त्या पट्टीने मोजत गेलं की प्रत्येक मापाचा गुणाकार करत बसावं लागत नाही. हीच पट्टी साध्या पट्ट्यांमध्ये मिसळली तर मात्र अनर्थ होतो, म्हणून ती वेगळ्या खणात ठेवतात. आणि एक लक्षात घ्या. बिडासाठी केलेला पॅटर्न "जरा मजबूत हवं" म्हणून पोलादात ओतला तर भाग लहान येणार. धातू आधी ठरतो, पॅटर्न नंतर.

दुसरी वाढ मशिनिंगसाठी. कास्टिंगचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि त्याचा वरचा थर कडक असतो. जिथे नेमकं माप हवं तिथे जास्तीचा धातू ठेवून तो लेथवर किंवा मिलिंगवर काढतात. शॉपमध्ये याला माल ठेवणं म्हणतात. जुने मिस्त्री अजूनही "सूतभर माल ठेवा" म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. आपल्याएवढ्या बिडाच्या भागाला तेवढा माल पुरतो. भाग मोठा होईल तसा तो वाढवायचा, वरच्या पेटीतल्या पृष्ठभागाला आणखी थोडा जास्त. मालाच्या बाबतीत चिकटपणा करू नये. तीनऐवजी दीड ठेवला आणि टूल कडक थरातच फिरत राहिलं, तर टूलही जातं आणि पृष्ठभागावर काळे डागही राहतात.

आता हिशेब करून बघू. शाफ्टच्या मध्यापासून पायाच्या तळापर्यंत तयार भागात १२० मिमी हवेत. तळाला ३ मिमी माल, झाले १२३. त्यावर एक टक्का आटणं, म्हणजे १२४.२. गोल घराचा बाहेरचा व्यास १३०, तिथे मशिनिंग नाही, फक्त आटणं, म्हणून १३१.३. घराची लांबी ६० आणि दोन्ही तोंडांवर माल, म्हणजे ६६, आटणं धरून ६६.७. आणि बेअरिंगचं भोक? ते मशिनवर मोठं होऊन ९० व्हायचं आहे, म्हणून ओतताना ते लहान हवं. दोन्ही बाजूंचे तीन-तीन वजा करून ८४, त्यावर आटणं, सुमारे ८५ मिमी. भोकाच्या बाबतीत माल वजा होतो पण आटणं मिळवायचंच असतं. नवशिके नेमके इथे गडबडतात, कारण त्यांना वाटतं, भोक आटताना बारीक न होता उलट मोठं होईल. तसं होत नाही. धातूचा पूर्ण आकार एकाच प्रमाणात लहान होतो, भोकासकट.

तिसरा फरक उताराचा. वाटीने भाताची मूद पाडताना ती सुबक सुटते, कारण वाटी तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असते. उभ्या सरळ भिंतींच्या डब्याने मूद पाडून बघा, कडा फुटतात. वाळूतून पॅटर्न काढतानाही हेच घडतं. म्हणून विभाजनाच्या रेघेपासून दूर जाणाऱ्या प्रत्येक उभ्या बाजूला एक ते दोन अंशांचा उतार देतात. १०० मिमी खोलीला एक अंश म्हणजे १.७५ मिमी. आपल्या पायाच्या ४० मिमी खोलीला दीड अंशाने साधारण १ मिमी होतो. म्हणजे पायाचा तळ रेघेपाशी १२५.२ वर आणि टोकाशी १२४.२ वर. उतार नेहमी धातू वाढवून द्यायचा, कमी करून कधीच नाही. तो जास्तीचा मिलिमीटर मशिनवर निघून जातो. खोलगट जागेच्या आतल्या बाजूंना उतार थोडा जास्त द्यावा लागतो, कारण तिथे वाळूचा जो उंचवटा तयार होतो तो चहूबाजूंनी सुटा असतो आणि सहज मोडतो.

भोकाच्या जागी ठोकळा

८५ मिमीचं आरपार भोक ओतायचं तर त्या जागी धातू जाऊ नये अशी काहीतरी अडवणूक साच्यात हवी. ती म्हणजे कोअर, वेगळी तयार केलेली वाळूची दंडगोल कांडी. वाळूत सोडियम सिलिकेट कालवून ती ठासतात आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. काही क्षणांत ती दगडासारखी घट्ट होते.

ही कांडी साच्यात कशावर उभी राहणार? त्यासाठी पॅटर्नच्या घराच्या दोन्ही तोंडांवर ८५ मिमी व्यासाचे, २५ मिमी उंचीचे ठोकळे बसवतात. त्यांना कोअर प्रिंट म्हणतात. ते वाळूत आपली बैठक उमटवतात, आणि पॅटर्न काढल्यावर कांडी त्या बैठकीत जाऊन बसते. तयार भागात या ठोकळ्यांचं नाव-निशाण नसतं. पॅटर्न पहिल्यांदा बघणारा गिरणीवाला हमखास म्हणतो, "अहो, इथे भोक हवं होतं, तुम्ही तर गुटका लावला!" वरच्या ठोकळ्याला खालच्यापेक्षा बराच जास्त उतार देतात, कारण वरची पेटी अंदाजाने खाली उतरवली जाते. बैठक निमुळती असली की कांडी आपोआप मधोमध येते, वाळू खरवडत नाही.

कांडी बनवायला वेगळी लाकडी पेटी लागते, कोअर बॉक्स. दोन ठोकळ्यांत अर्धगोल खोबणी कोरलेल्या, जोडल्या की ८५ मिमीचं नळकांडं. लांबी घराची ६६.७ अधिक दोन बैठका, म्हणजे सुमारे ११७, आणि टोकं प्रिंटच्या उताराला जुळणारी. पॅटर्नइतकंच काम कोअर बॉक्सला असतं, गुंतागुंतीच्या भागात त्याहून जास्त. पंपाच्या केसिंगसारख्या भागात तर खरी कारागिरी कोअर बॉक्सातच दिसते, बाहेरचा आकार त्यामानाने सोपा.

आडवी लांब कांडी असेल तर तिला बीड उचलू पाहतं, कारण बिडाची घनता ७.२ च्या आसपास आणि वाळूची त्याच्या पावभर. दोन्ही टोकांना बैठक पुरेशी लांब नसेल तर कांडी सरकते किंवा मधे वाकते आणि घराची भिंत एका बाजूला पातळ येते. पायातली बोल्टची भोकं मात्र ओतायची नाहीत. १५-२० मिमीची भोकं ड्रिलनेच पाडावीत, ती स्वस्तही पडतात आणि जागेवरही येतात. गिअरच्या दात्यांचंही तसंच. गोल चकती ओतायची आणि दाते कटरने पाडून घ्यायचे.

लाकूड आणि नाशिकचा पाऊस

लाकूड सागवानच का, तर ते तेलकट असतं, कमी हलतं, धार चांगली घेतं आणि ओलसर वाळूत टिकतं. देवदार किंवा पाइन हलकं आणि कोरायला मऊ, पण कडा लवकर झिजतात. एक-दोन नगांसाठी ते पुरतं. चांगली प्लाय पायासारख्या सपाट भागांना उत्तम.

कुठलंही लाकूड घ्या, ते पुरतं वाळलेलं हवं. लाकूड शिरांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं फुगतं आणि आटतं. चैत्रातल्या कोरड्या हवेत घेतलेली २०० मिमी रुंद फळी श्रावणात मिलिमीटरभर रुंद झालेली सापडू शकते. आता आठवा, २०० मिमीवर बिडाचं आटणं आपण २ मिमी धरलं होतं. म्हणजे हवामानच अर्धा हिशेब खाऊन टाकतं. त्यामुळे महत्त्वाचं माप शक्यतो शिरांच्या दिशेने येईल अशी लाकडाची मांडणी करतात, आणि रुंद भाग एका फळीतून न काढता अरुंद पट्ट्या, शिरा उलटसुलट ठेवून, चिकटवून करतात.

पंचवटी किंवा जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवला जातो तेव्हा त्याच्या तुळया आणि खांब विकायला निघतात. ते सागवान पॅटर्नसाठी सोन्याच्या मोलाचं, कारण कितीतरी उन्हाळे-पावसाळे खाऊन ते स्थिर झालेलं असतं. फक्त खिळे नीट शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचं पातं एका फटक्यात जातं.

पुलीच्या कड्यासारखा गोल आकार एका फळीतून कापला तर कुठे शिरा कड्याच्या दिशेने तर कुठे आडव्या येतात आणि पावसाळ्यात गोल अंडाकृती होतो. म्हणून सहा-सहा कमानदार तुकड्यांचं एक कडं, त्यावर दुसरं, असे थर चिकटवतात आणि वरच्या थराचा सांधा खालच्या तुकड्याच्या मधोमध येईल असं बघतात. मग ते लेथवर चढवून गोल करतात. जुन्या पुल्यांचे आरे वाकडे का असतात असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कडं आणि आरे एकाच वेळी थंड होत नाहीत. सरळ आरे ओढले जाऊन तुटू शकतात, वाकडे आरे किंचित सरळ होऊन तो ताण सोसतात. पुली नव्याने ओतताना आरे "सोपे पडतात म्हणून" सरळ करू नका.

आतल्या कोपऱ्यांची गोलाई शेवटी देतात. पूर्वी त्यासाठी चामड्याची त्रिकोणी पट्टी किंवा मेण वापरत, आता गाडीच्या डेंटिंगची पुट्टी चालते. आपल्या ब्रॅकेटला ५-६ मिमीची गोलाई पुरे. तीक्ष्ण कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी घट्ट होत आलेला धातू एका रेषेत भेटतो आणि ती रेषा कच्ची राहते. गोलाई अति मोठी केली तर तिथे धातूचा साठा होतो, तो सगळ्यात शेवटी थंड होतो आणि आत पोकळी धरतो. जाडी सगळीकडे शक्य तितकी सारखी ठेवणं हे त्याचसाठी.

मग सँडपेपर, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात, पुन्हा सँडपेपर, पुन्हा हात. ही चकाकी शोभेसाठी नसते. वाळूत चार टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते लाकडात शिरू नये आणि वाळू चिकटू नये यासाठी ती असते. मशिनिंगचे पृष्ठभाग, कोअर प्रिंट आणि तसेच राहणारे पृष्ठभाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवण्याची रीत आहे. रंगांचा अर्थ आपल्या फाउंड्रीला विचारूनच ठरवावा. पॅटर्न उचलायला स्क्रूची लोखंडी पट्टी आत बसवून घ्या. ती नसेल तर मोल्डर लाकडातच खिळा ठोकून पॅटर्न ओढतो, आणि चार नगांत त्याची चाळण होते.

फाउंड्रीत जाताना

मोटार उद्योगाचं हजारोंचं काम करणारी फाउंड्री एका नगासाठी थांबणार नाही, आणि तिचा त्यात दोष नाही. एक-दोन नग घेणारी जॉबिंग फाउंड्री शोधावी. शक्य असेल तर लाकूड कापण्याआधी, कागदावरचं चित्र घेऊनच तिथल्या मोल्डरशी बोलावं. त्याच्याकडे पेट्या कुठल्या मापाच्या आहेत, रेघ कुठे घेतलेली त्याला सोयीची, धातू कुठून आत सोडणार, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याच्या दहा मिनिटांत पॅटर्नचे दोन दिवस वाचतात.

दर किलोवर असतो, म्हणून वजनाचा अंदाज आधीच काढा. भरीव सागवानी पॅटर्नचं वजन साधारण ११ ने गुणलं की बिडाचं वजन येतं. त्यातून प्रिंटचे ठोकळे आणि कांडीने अडवलेली जागा वजा करायची. आपला ब्रॅकेट साडेसात किलोच्या आसपास भरतो. पॅटर्नचा खर्च वेगळा, तो एकदाच. एकाच नगासाठी तो डोळ्यांवर येतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट एकदम ओतून घ्यावेत आणि एक शिलकीत ठेवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

इतर वाटाही आहेत. प्लेटा कापून वेल्डिंगने ब्रॅकेट उभा करता येतो आणि साध्या आकाराला ते चांगलंच. एकच मोठा नग असेल तर थर्माकोलचा पॅटर्न वाळूतच ठेवून त्यावर धातू ओततात, तो जळून जातो. उतार लागत नाही, पण पृष्ठभाग खडबडीत येतो. थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न काढला तरी आटणं, माल, उतार हे सगळं तसंच द्यावं लागतं, थरांच्या रेघा घासून काढाव्या लागतात आणि प्लास्टिक वाळू ठासताना दबणार नाही एवढं भरीव लागतं. शेकडो नग हवे असतील तर लाकडी मूळ पॅटर्नवरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओततात. तिथे मूळ लाकडात आटणं दोनदा धरायचं, ॲल्युमिनियमचं १.३ टक्के आणि बिडाचं १, मिळून २.३. आणि क्रेनचा हुक, ब्रेकचा भाग, वाफेच्या दाबाखालचा भाग असं काही असेल, तर जुना तुकडा बघून नक्कल ओतण्याच्या फंदात पडू नका. तिथे धातूची तपासणी आणि जाणत्या इंजिनिअरची सही हवीच.

पहिला नग आला की थेट मशिनिंगला देऊ नका. सपाट टेबलावर ठेवून, चुन्याचा हात मारून त्यावर मार्किंग करा. शाफ्टचा मध्य धरून ९० चं वर्तुळ आखलं की सगळीकडे माल निघतो का, कांडी सरकली आहे का, पाया पुरेसा जाड आहे का, हे लगेच दिसतं. दुरुस्ती असेल ती पॅटर्नवर पुट्टीने किंवा पटाशीने होते, आणि फसलेला नग परत भट्टीत जातो.

काम झालं की पॅटर्न फाउंड्रीतून घरी आणा. तो तुमच्या पैशाचा आहे. दोन्ही अर्धे खुंट्यांवर जुळवून बांधा, कोअर बॉक्स त्याच गाठोड्यात ठेवा, आणि लाकडावरच रंगाने लिहा: गिरणीचा ब्रॅकेट, बीड एफजी २००, आटणं १ टक्का, बेअरिंग ६३०८, कोअर ८५, एकूण तुकडे ४. जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी तिथूनच येते. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, तिथे उन्हाळ्यात चिकटवलेले सांधे उघडतात. घरातल्या कपाटावरची सावलीतली, वारा खेळती जागा चांगली.